शांत बाळाचं बक्षीस

शालिकराम मास्तरांनी ज्या लेकराला बक्षीस दिलं, ते लेकरू दोन वर्षं उलटून गेली तरी उभं राहत नव्हतं.

मास्तरांच्या कानावर हे आलं नव्हतं अशातला भाग नाही. लेकराची आई सत्यभामा दोनदा त्यांच्या ओसरीवर येऊन गेली होती. पहिल्यांदा आली तेव्हा जमुना सव्वा वर्षाची होती आणि भिंतीला टेकवल्याशिवाय बसत नव्हती. मास्तर हसून म्हणाले होते, "थांब पोरी. कोणी नवव्या महिन्यात उभं राहते, कोणी अठराव्या. लेकराले ओढून मोठं करता येत नाही." दुसऱ्यांदा आली तेव्हा जमुनाला दोन वर्षं पुरी होत आली होती आणि तिच्या तोंडून 'माय' एवढाही शब्द फुटला नव्हता. तेव्हाही मास्तर म्हणाले, "थांब. उशिरा बोलणारी पोरं मागून आवरत नाहीत." सत्यभामा निश्चिंत होऊन परत गेली. मास्तरांचा शब्द होता तो.

आणि लहान मुलांच्या बाबतीत अमरावतीत मास्तरांच्या शब्दापुढे कोणी शब्द काढत नसे. चाळीस वर्षं त्यांनी शाळेतला अगदी खालचा वर्ग सांभाळला होता. वरचा वर्ग घ्या म्हणून तीनदा हुकूम आले, तिन्हीदा त्यांनी हात जोडून नको म्हटलं. छडीला कधी शिवले नाहीत. मूल चिंचोका कसा उचलतं एवढं पाहून ते त्याचं वय महिन्यांत सांगत. पाची बोटांनी खरवडून उचलणारं वेगळं आणि अंगठ्याच्या चिमटीत धरणारं वेगळं. हातातली वस्तू खाली टाकून ती कुठे गेली म्हणून वाकून पाहणारं मूल दिसलं की मास्तरांना कोण आनंद! "याले आता कळलं," ते म्हणत, "की डोळ्याआड गेलेली वस्तू जगात असते. पुढची सगळी विद्या यानंतरची."

म्हणून तर वऱ्हाडात जागोजाग बाळ-सप्ताह भरू लागले, अकोल्याचा झाला आणि अमरावतीची पाळी आली, तेव्हा कमिटीनं पेन्शनीत निघालेल्या मास्तरांना परीक्षक म्हणून बोलावलं. दुसरी परीक्षक बायकांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण होती, पुण्याकडची. तिसऱ्या परीक्षक एका वकिलाच्या पत्नी होत्या. मांडवात सव्वाशे लेकरं आणि त्यांचा नुसता आकांत. कापूस तोलायच्या काट्याला फडकं बांधून वजनं चालली होती. एकानं वकिलीणबाईंची नथ ओढली, एक काट्यातच मुतलं. त्या गदारोळात दहा महिन्यांची एक पोर फडक्यात पडून राहिली, हूं नाही की चूं नाही. मास्तरांनी तिच्यापुढे लाकडी खुळखुळा धरला. तिनं तो पाहिला. हात पुढे केला नाही.

"किती समाधानी लेकरू!" मास्तर म्हणाले. आणि ठरलेल्या बक्षिसांत नसलेलं एक बक्षीस त्यांनी आग्रहानं काढायला लावलं, 'शांत बाळ' म्हणून. पितळेची वाटी आणि सही-शिक्क्याचा कागद.

ती पोर म्हणजे जमुना. अंबा नाल्याकाठच्या माळ्यांच्या वाड्यांपैकी एका वाडीतली. घरी मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाबांधानं झेंडू. सासू पार्बताबाई, नवरा नत्थू आणि सून सत्यभामा. दिवस उगवायच्या आत भाजी तोडायची, जुड्या बांधायच्या आणि डोक्यावर टोपलं घेऊन इतवारा बाजार गाठायचा.

आता सत्यभामा तिसऱ्यांदा आली, ती मार्गशीर्षातल्या एका सकाळी, बाजार आटोपून. टोपल्यात मेथीची उरलेली पानं आणि त्यावर जमुना. पोर पावणेतीन वर्षांची, पण टोपल्यात मावत होती. सत्यभामानं टोपलं ओसरीवर ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"मास्तर, यावेळेस थांब म्हनू नोका."

"बस तर खरी."

"बसत नाई. मले पाचवा लागला. दुसरं येऊन राहिलं अन् पहिलं अजून मातीच्या गोळ्यावानी. सासू म्हनते कोनाची नजर लागली. हे म्हनतात देवीले बोकड कबूल करू. म्या म्हनलं, आंधी मास्तरले इचारतो. तुमी हात लावून पाहा अन् खरं सांगा. हे पोट्टी उठन का नाई?"

मास्तरांनी जमुनाला मांडीवर घेतलं. खुळखुळा वाजवला. पापण्या जड, नजर उशिरानं वळली. तळहातावर खुळखुळा ठेवला. बोटं त्याच्याभोवती अर्धवट मिटली आणि सैल पडली. तो खाली पडून गडगडत गेला. जमुनानं मान वळवली नाही. मास्तरांच्या हातांनी चाळीस वर्षांत असं अंग पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पोर कुरकुरली. कुरकूर वाढत गेली, हातपाय आखडले, कपाळाला घाम सुटला.

"हिची वेळ झाली," सत्यभामा सहज म्हणाली. कमरेची डबी काढली, त्यातली एक काळपट गोळी थुंकीनं बोटावर ओली केली आणि लेकराच्या टाळूला लावली. माणसाचा एक विडा चघळून होईतो जमुनाची मान मास्तरांच्या कोपरावर लोंबली.

"काय दिलंस तू हिले?"

"गोळी."

"कशाची?"

"बाळगोळी जी. अफूची. ठेक्यावरून अफू आनतो अन् सासू घरीच गोळ्या वळते." सत्यभामा त्यांच्याकडे बघत राहिली. "काहून? तुमाले मालूम नाई?"

दारातून मास्तरांची थोरली बहीण मनकर्णाबाई बोलली. ती त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी, विधवा, आणि धाकट्या भावाला मास्तर म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. "त्याले मालूम नसाले काय झालं? त्यालेच चाटवत होती आमची माय. म्हनून तर हा असा थंडा. घराले आग लागली तरी म्हनन, थांबा, आपल्या मनानं इझन."

सत्यभामाला हसू आलं. मास्तर हसले नाहीत. मनकर्णा खरं बोलत होती. गोळी कोणाच्या घरी नव्हती? त्यांच्या बायकोनं पोरांना दिली नव्हती? घरात जातं असतं तशी ती असे. जात्याकडे कोण बघतं?

"केव्हापासून देतेस?"

"सव्वा महिन्याची झाली तवापासून. तवा मोहरीएवढी. दात येतानी बाजरीएवढी. आता तुरीच्या दान्याएवढी लागते, कमी केली त घर डोक्यावर घेते. तीन वक्त. बाजारात जातानी, दुपारी, अन् सांजी सैपाकाच्या वक्ती."

"आणि त्या दिवशी? बक्षिसाच्या दिवशी?"

"त्या दिवशी दोन देल्या होत्या," सत्यभामा म्हणाली. "इतल्या मोठ्या लोकाईत रडू नये म्हनून."

*

त्याच दुपारी मास्तर बायकांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण नवल काही केलं नाही.

"मास्तर, मांडवात मी तुम्हाला काय म्हणाले होते, आठवतं?"

मास्तरांना आठवत नव्हतं.

"मी म्हणाले होते, ही पोर मला सुस्त वाटते. तुम्ही म्हणालात, सुस्त नव्हे बाई, शांत. चाळीस वर्षं मुलं हाताळली आहेत मी. वकिलीणबाई तुमच्याकडे झाल्या. मी नवखी, तुमच्या भाषेची खोड काढणारी पुणेकरीण. गप्प बसले. तो माझाही दोष."

मास्तरांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आता शब्दन् शब्द आठवला. आपण तो कौतुकानं हसत उच्चारला होता, हेही आठवलं.

"अफूनं हाड मोडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मूल मागत मागत वाढतं. भूक लागली की रडतं, रडलं की आई येते, आईचा चेहरा दिसला की हात जातो, हात पोचला नाही की अंग सरकवतं. असं दिवसातून शंभर वेळा. या पोरीला कोणी काही मागूच दिलं नाही. दूधसुद्धा नाही. तिची वाढ झोपेत कशी होणार?"

"मग आता?"

"गोळी एकदम तोडू नका, पोर हातची जाईल. दर आठवड्याला थोडी थोडी खरवडायला सांगा. रडेल. रडू द्या. जागी असेल तेव्हा तिच्याशी बोला, खेळा. ते तुम्हाला मी सांगायला नको."

"चालेल ती?"

"चालेल कदाचित. केव्हा ते सांगता येत नाही."

"आणि डोक्यानं?"

डॉक्टरीणबाई हात धुवायला उठल्या. "ते मला काय विचारता? परीक्षक तुम्ही."

*

दुसऱ्या दिवशी मास्तर वाडीवर गेले. चिंचेच्या खालच्या फांद्यांना आठ झोळ्या टांगलेल्या, आठांत आठ लेकरं. मोटेची कुरकुर ऐकू येत होती, वांग्याच्या वाफ्यातली बायांची बोलणी ऐकू येत होती. झोळ्यांतून काही ऐकू येत नव्हतं. सगळं आयुष्य पोरांच्या गलक्यात काढलेल्या माणसाला ती शांतता कानाला बोचली.

पार्बताबाई झाडाखाली झेंडूच्या माळा ओवत बसली होती. साठीची, काटक, हात भराभर चालणारी.

"या मास्तर, या! पानी आना वं मास्तरले. तुमच्या कागदानं माहं नाव झालं पाहा. कापसाच्या जिनातल्या बाया बी लेकरं आनून टाकतात. म्हनतात, बक्षीसवाल्या बुढीच्या हातचं लेकरू रडत नाई."

कागद घरात देवळीच्या वर लावला होता, हळदीकुंकवाची बोटं लागलेला. उघड्या दारातून मास्तरांना तो दिसत होता.

"पार्बताबाई, गोळी बंद करा. जमुनाची तर कराच, या बाकीच्यांचीही करा. त्यानंच पोर अशी लुळी राहिली आहे."

सुई क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली. "म्या सात वाढवले याच गोळीवर. पाच जगले. त्यातला एक बी पांगळा नाई. नत्थ्या एकला मोट हाकलते."

"दोन कशानं गेले?"

"झोपीतच गेले." पार्बताबाईनं दोरा दातानं तोडला. "देवाले आवडले."

मग ती आवाज चढवून बोलू लागली. "तुमाले बोलाले काय जाते जी? तुमचे पोरं आंग धुवून, डोक्याले तेल लावून शाळेत येत. दिवस निंघाच्या आंधी मेथी कोन तोडन? पाठीले बांधलं त वाफ्यात वाकता येत नाई. बांधावर ठेवलं त इंचू हाय, कुत्रं हाय. हे हीर पाहा, उघडी हाय. मागच्या साली शेजारच्या वाडीतली पोट्टी रांगत रांगत गेली अन् पडली हिरीत. दहा महिन्याची. लय हुशार होती. तुमी पाहिली असती त तिले बी बक्षीस देलं असतं."

वाफ्यातल्या बाया कामं थांबवून ऐकत होत्या.

"रांगनारं लेकरू जिवाले घोर हाय, मास्तर. माहे लेकरं झोपतात अन् जगतात."

"तो कागद मला परत द्या," मास्तर म्हणाले. दुसरं काही त्यांना सुचलं नाही.

पार्बताबाई मोठ्यानं हसली. वाफ्यातून बायाही हसल्या. "देल्लं बक्षीस कोनी परत मांगते काय? अन् कागद नेसान, लोकाईच्या ध्यानातलं कसं नेसान?"

घरी येऊन मास्तरांनी कमिटीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, स्वतःची चूकही. पंधरवड्यानं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, मात्र 'शांत बाळ' हे बक्षीस लोकांना सर्वांत आवडलेलं असल्यामुळे ते यंदाही ठेवावं असं सर्वानुमते ठरलं आहे, मास्तरांनी वयोमानानं परीक्षकाचं काम न घेतल्यास कमिटी समजून घेईल.

*

सत्यभामानं मात्र ऐकलं. सासूशी भांडून तिनं डबी आपल्या ताब्यात घेतली. दर सोमवारी ती भाजीच्या चाकूनं गोळीच्या कडा खरवडायची आणि खरवड चुलीत टाकायची. सकाळी बाजारात जाताना जमुनाला मास्तरांच्या ओसरीवर ठेवायची, परत जाताना न्यायची.

पहिला महिना रडण्यात गेला. जमुना रडायची ती निळी पडेपर्यंत. नाक गळायचं, पोट बिघडायचं, अंग ताठ व्हायचं. मास्तर तिला खांद्यावर घेऊन ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. अडुसष्ट वर्षांचे पाय दुपारी उचलत नसत. गल्लीतून जाणारे किसनराव दलाल एकदा थांबलेच. "मास्तर, पोरीले मारता की काय हो? शाळेत त कधी हात उचलला नाई!"

"त्याची कसर भरून काढून राहिला," मनकर्णाबाई आतून म्हणाली. पण बोटावर साखरेचं पाणी घेऊन तीच बाहेर आली.

दुसऱ्या महिन्यात डोळे उघडे राहू लागले. आधी ते नुसते उघडे असत. मग मास्तरांच्या मिशांवर थांबू लागले. एक दिवस हात मिशांकडे आला, मध्येच विसरला आणि पडला. तिसऱ्या दिवशी पोचला. मास्तर जमुनाला रोज तेच ते दाखवत. चिंचोका, गाजर, पाण्यात हलणारा उजेड. रोज तेच शब्द, त्याच सुरात. घाई करायची नाही हे त्यांना येत होतं. तेवढंच येतं की काय, असं आता त्यांना वाटू लागलं होतं.

माघातल्या एका सकाळी जमुना उशीला टेकून ओसरीच्या कडेला बसली होती. तिच्यापुढे पाण्याचा रिकामा गडू होता. तिनं तो ढकलला. गडू ठणठण करत अंगणात गेला. जमुना दचकली. आणि मग वाकून, मान लांब करून, तो कुठे गेला ते बघू लागली.

मास्तरांनी धावत जाऊन गडू आणून दिला. तिनं पुन्हा ढकलला, पुन्हा वाकली. चौदा वेळा. चौदाव्या वेळी तिच्या घशातून एक आवाज निघाला. ते हसू होतं. मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला. मास्तर अंगणात गडू घेऊन उभे, डोळ्यांतून पाणी.

आणि तिथेच, उभ्या उभ्या, त्यांच्या मनानं सवयीनं हिशेब केला. चाळीस वर्षांची सवय, ती थांबते कुठे? हे नऊ महिन्यांचं काम. आणि या फाल्गुनात पोरीला तीन पुरी होतात.

सत्यभामा आली तेव्हा तिला आता सातवा सरत होता. मास्तरांनी गडू ढकलून दाखवायला लावला. तिनं ते बघितलं, एकदा हसली, मग टोपलं उतरवून पायरीवर बसली.

"हे कितव्या महिन्याचं लेकरू करते, मास्तर?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. "नऊ," ते म्हणाले. "दहा म्हण."

"अन् चाललं की बारा-पंधरा. बोललं की दीड-दोन. मंग हे वीस वरसाची होईन तवा डोक्यानं कितीची असन?"

"असा त्रैराशिक हिशेब लेकराचा होत नाही, पोरी."

"मंग कसा होते ते सांगा. तुमाले समदं मालूम असते." ती ओरडत नव्हती. भाजीचा भाव विचारावा तसं विचारत होती. "मी पहिल्यांदी आली तवा हे सव्वा वरसाची होती. तवा तुमी इचारलं असतं, का बाई हिले काय चाटवतेस, अन् मी तवाच सोडली असती. त?"

मास्तर गडू हातात फिरवत राहिले.

"बोला ना."

"तर आता चालत असती, कदाचित."

"कदाचित नोका म्हनू."

"चालत असती."

"अन् बोलत?"

"हो."

सत्यभामानं आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांच्यासमोर धरलं. भाजीच्या चिकानं काळं पडलेलं. "गोळी म्याच देली. याच बोटानं. दिवसातून तीनदा, मुका घेऊन. ते माह्या माथी. पन मी अडानी हाय, मास्तर. मी इचाराले येत होती. दोन कोस डोक्यावर घेऊन येत होती. तुमी मले थांब म्हनलं."

तिनं जमुनाला टोपल्यात ठेवलं आणि गेली. मास्तरांनी ते टोपलं डोक्यावर चढवायला हात पुढे केला. तिनं वाकून स्वतःच उचललं.

*

चैत्रात तिला मुलगा झाला. नाव ठेवलं भगवंत. सव्वा महिना झाला आणि पार्बताबाईनं मोहरीएवढी गोळी वळली. सत्यभामा म्हणाली, नाही. पार्बताबाई म्हणाली, मग रडणारं लेकरू मी झोळीत घेत नाही, बाकीचे सात उठवते ते. नत्थू मध्ये पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस निघताना सत्यभामा ओसरीवर उभी. कडेवर जमुना, टोपल्यात भगवंत, आणि तो पंचम लावून ओरडत होता.

"हे दोघं," ती म्हणाली. "बाजार होईस्तोवर. मी उपकार मांगाले नाई आली. दुसरं ठिकान असतं त इथं आलीच नसती."

"आण," मास्तर म्हणाले.

त्यानंतरचे महिने मास्तरांनी एकाच सतरंजीवर दोन लेकरं बघितली. एक चाळीस दिवसांचं, एक तीन वर्षांचं. जे त्यांनी आयुष्यभर शाळेत बघितलं होतं ते आता समोरासमोर मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. भगवंत रडायचा, दूध मागायचा, उचला म्हणायचा, खाली ठेवा म्हणायचा, मनकर्णाबाईच्या नाकात बोटं घालायचा. श्रावणात पालथा पडला. नवरात्रात बसला. जमुनानं जे चार महिन्यांत मिळवलं होतं, ते त्यानं एका आठवड्यात मिळवलं आणि तिच्या बाजूनं पुढे निघून गेला. ती त्याच्याकडे फार लक्ष देऊन बघे. आता ती आधाराशिवाय बसायची, पोळीचा तुकडा आपल्या हातानं तोंडात घालायची, मास्तर आले की 'आ' म्हणायची. गोळी पुरती सुटली होती. पायांवर मात्र भार घेत नव्हती. मास्तर तिला काखेत धरून उभी करत. पाय कापडासारखे दुमडत.

मास्तर थकत चालले होते. वाडीवरच्या त्या झाडाला आता बारा झोळ्या झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. बाळ-सप्ताहात यंदाही 'शांत बाळ' पार्बताबाईकडचंच निघालं. ते तिकडे गेले नाहीत.

पौषातल्या त्या सकाळी सत्यभामा लवकर परतली. उन्हात सतरंजी घातलेली. जमुना मांडी पसरून बसलेली, मास्तर भिंतीशी. भगवंत रांगत बहिणीपर्यंत गेला, तिच्या पाठीला धरलं, मग खांद्याला, मग दोन्ही मुठींत तिचे केस धरून त्यानं स्वतःला वर ओढलं. पाय हलले, फाकले, टेकले. उभा राहिला.

"उभा राहिला!" सत्यभामाच्या तोंडून निघून गेलं. टोपलं हातातच राहिलं. "आत्याबाई, पाहा, उभा राहिला वं!"

मनकर्णाबाई धावत आली. भगवंतला आपण काही तरी मोठं केलं आहे हे कळलं आणि तो खिदळायला लागला. खिदळताना केस आणखी आवळले. जमुनाचं तोंड वाकडं झालं, डोळे भरले, पण ती हलली नाही. दोन्ही तळवे सतरंजीवर घट्ट रोवून बसली, म्हणजे तो पडू नये.

सत्यभामानं ते पाहिलं. तिचं हसू गेलं. तिनं टोपलं खाली टाकलं, पुढे झाली, भगवंतच्या मुठी एकेक करून सोडवल्या आणि जमुनाला उचलून छातीशी धरलं. चार वर्षांची पोर, लोंबते पाय, आईच्या गळ्यात तोंड खुपसून आता आवाज करून रडू लागली.

आधार गेला तसा भगवंत मागच्या मागे धपकन बसला आणि त्यानंही गळा काढला. सत्यभामानं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. मनकर्णाबाई पुढे वाकली. मास्तरांनी हात आडवा करून तिला थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "रडू दे त्याले."